तुम्ही विचारलंत म्हणून : लोकलच्या गर्दीत टिकणारी गंमत

प्रश्न साधारण असा येतो : "कपड्यांत जराशी मजा करायला आम्हालाही आवडतं हो. पण रोज सात-बेचाळीसची गाडी, घामाच्या धारा, वर चार महिने पाऊस. त्यात हे नखरे टिकतात कसे? आणि सकाळी वेळ कुठून आणायचा?" कधी कधी प्रश्नाला शेपूटही असतं, "ऑफिसात हसत नाहीत का?"

शेपटाचं उत्तर आधी. हसतात, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी कुठून घेतलं ते विचारतात.

आता टिकण्याचं. मुंबईपुरता एकच नियम धरा : लोंबतं ते नको, बसतं ते हवं. लांब झुमके, ओढणीचे गोंडे, ब्लाउजच्या पाठीवरचे लटकन, गळ्यातली लांब साखळी या सगळ्या गोष्टी दादरला उतरताना दुसऱ्याच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकतात. मागून लोटणाऱ्या गर्दीला तुमचा कान अडकलाय हे कळायचं काही कारण नसतं. याउलट बटण, गळ्याचा गोट (म्हणजे कडेने शिवलेली कापडाची पट्टी), बाहीची आतली घडी, खिसा, कॉलरची खालची बाजू हे सगळं शिवलेलं असतं, अंगासरशी असतं, कुठे जात नाही. वेळेचं उत्तरही यातच आलं. गंमत एकदा रविवारी शिवून ठेवली की सोमवारी सकाळी फक्त शर्ट चढवायचा.

सुरुवात बटणांपासून करा, कारण चुकलं तर अर्ध्या तासात जुनी परत लावता येतात. अंगात नीट बसणारा एखादा साधा शर्ट किंवा कुर्ता घ्या. शर्टाला पुढे सहा, कॉलरला एक आणि कफांना दोन अशी साधारण नऊ बटणं लागतात. दुकानात माप नंबरात चालतं : 40 नंबर म्हणजे एक इंच रुंद. त्या हिशोबाने शर्टाचं नेहमीचं 18 नंबरचं बटण साडेअकरा मिलिमीटर भरतं. हे पाठ करायची गरज नाही, जुनं एक बटण उसवून सोबत न्या. मात्र रुंदी जुळली म्हणजे काम झालं असं समजू नका. काजाची लांबी बटणाची रुंदी अधिक जाडी अशी धरलेली असते, त्यामुळे त्याच नंबरचं पण फुगीर, घुमटासारखं बटण काजातून ओढूनताणून जातं आणि महिनाभरात काजाचे टाके सुटायला लागतात. लहान बटण घेतलं तर ते आपोआप उघडतं, आणि तेही नेमकं छातीवरचं. तेव्हा चपटंच घ्या, रंगात काय ती मजा करा.

मरीन लाइन्सला उतरून काळबादेवी ओलांडली की भुलेश्वरच्या गल्ल्यांत बटणं, लेस, नाड्या, काठ यांची दुकानं दाटीवाटीने आहेत. घाऊकवाले ग्रोसने, म्हणजे 144 नगांनी देतात. तेवढी घेऊन घरात बटणांचं दुकान काढू नका, शेजारचा किरकोळवाला डझनाने देतो.

वस्तू कशाची बनली आहे ते बघून घ्या. लाकडी बटणं दिसायला गोड, पण मशीनच्या धुण्यात फुगतात आणि वरचं पॉलिश पांढऱ्या कापडावर उतरू शकतं. लोखंडावर मुलामा दिलेली बटणं घामाने गंजतात आणि छिद्राभोवती तपकिरी डाग पडतो, तो सहजी जात नाही. पितळी हिरवट पडतात. काचेची बटणं फक्त हाताने धुवायच्या कपड्यांना. रोजच्या वापराला पॉलिस्टरची रंगीत बटणं सगळ्यांत बिनधोक. शिंपल्याची हवी असतील तर शर्ट उलटा करून धुवा आणि इस्त्रीचं टोक त्यांच्यावर आपटू देऊ नका.

लावायची रीत : एक हात लांबीचा दोरा, म्हणजे साधारण 45 सेंटीमीटर, दुहेरी करून. याहून लांब घेतला की गुंता होतो. दोरा पॉलिस्टरचा घ्या, सुती दोरा बटणाच्या कडांवर घासून लवकर तुटतो. बटणावर आडवी एक काडेपेटीची काडी ठेवा आणि तिच्यावरून प्रत्येक जोडीच्या छिद्रांतून तीन-तीन वेळा सुई फिरवा. मग काडी काढा, बटण वर ओढा. खाली दोऱ्याचा जो सैल दांडा तयार होतो त्याला तीन वेढे देऊन मागच्या बाजूला गाठ मारा. हा दांडा नसला तर बटण कापडाला घट्ट चिकटून बसतं, वरच्या पट्टीला जागा उरत नाही, पुढची पट्टी चुण्या पडल्यासारखी दिसते. घाईघाईत लावलेलं बटण तुटतं त्याचं बहुतेकदा हेच कारण.

रंगांबद्दल माझं मत जरा आग्रही आहे. नऊ बटणं नऊ रंगांची लावली की शाळेच्या स्नेहसंमेलनाचा वास येतो. एकाच रंगाच्या उतरत्या छटा लावा, वर फिकट पिवळं ते खाली हळदीसारखं गडद. किंवा सगळी पांढरी ठेवून खालून दुसरं एकच टोमॅटोसारखं लाल. बसलं की ते दिसतं, उभं राहिलं की जवळजवळ लपतं. दुरून दिसणारी एक आणि जवळ आल्यावरच कळणारी एक, एवढ्या दोन गमती एका दिवसाला पुरतात.

बटणांवर हात बसला की गोट. इथे कापड विकत घ्यावं लागत नाही. मराठी घरांत ओटीत आलेल्या ब्लाउजपिसांची एक चळत असतेच, एका घरातून दुसऱ्या घरात वर्षानुवर्षं फिरणारी. न शिवता फिरतात, कारण ब्लाउज शिवायला ती कोणालाच पुरत नाहीत. गोटाला, खिशाला, बाहीच्या घडीला मात्र अगदी बेताची. त्यातच एखादा खणही सापडतो. खण मूळचा कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. आता त्या नावाने मिळणारं बरंचसं कापड पॉलिस्टरचं किंवा मिश्र धाग्याचं असतं. त्यात वाईट काही नाही, पण शिवण्याआधी ते कळायला हवं.

ओळखायचं असं. कडेचे पाच-सहा धागे उपसून पिळा, चिमट्यात धरा आणि सिंकवर पेटवा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ करडी राख उरते. रेशीम असेल तर केस जळल्याचा वास. पॉलिस्टर वितळून आक्रसतं आणि गार झाल्यावर कडक काळा मणी बनतो. हे एवढ्यासाठी, की सुती कापड पहिल्या धुण्यात शंभर सेंटीमीटरमागे तीन ते पाच सेंटीमीटर आटू शकतं आणि पॉलिस्टर जवळजवळ आटत नाही. 60 सेंटीमीटरच्या सुती गळ्यावर पॉलिस्टरचा गोट लावला आणि मग कुर्ता धुतला, तर गळा दोन-तीन सेंटीमीटर आत जातो, गोट होता तेवढाच राहतो, आणि सगळ्या गळ्याला पापडासारख्या लाटा येतात. शिंप्याच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नसतो. कोरा कुर्ता आणि कापड दोन्ही आधी रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करूनच कात्री लावा.

रंगाचीही खात्री त्याच वेळी करून घ्या. कापडाचा कोपरा कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि पांढऱ्या रुमालात दाबा. डाग उमटला तर ते कापड फिकट कुर्त्याला वापरायचं नाही. मीठ किंवा व्हिनेगर घातलं की रंग बसतो ही समजूत घरोघरी आहे. मिठाचा उपयोग सुती कापड रंगवताना होतो, तयार कापडातून सुटणारा रंग त्याने थांबत नाही. आणि मुंबईच्या दमटपणात घामाने भिजलेली काखेतली पट्टी दिवसभर ओलीच असते, म्हणजे रंगाला उतरायला दहा-बारा तास.

गळ्याच्या गोटासाठी पट्टी उरेबच, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, कापायची. सरळ धाग्यावर कापलेली पट्टी वाकत नाही, गोल गळ्यावर ती उभी राहते. अर्धा मीटरचा चौकोन घेतला तर त्याचा कर्ण 70 सेंटीमीटरच्या आसपास येतो, तिरकी टोकं वजा जाता साध्या गळ्याला तेवढा पुरतो. पट्टी साडेतीन सेंटीमीटर रुंद. लावताना ओढायची नाही. उरेब पट्टी ताणून शिवली की नंतर ती मूळ लांबीवर यायला बघते आणि गळा आतल्या बाजूला पिळतो. इस्त्रीही दाबून उचलायची, सरकवायची नाही. खणाची मोठी बुट्टी एवढ्या अरुंद पट्टीत तुकडे होऊन ओळखू येत नाही, म्हणून गोटाला बारीक बुट्टी घ्या. काठ उरेब कापता येत नाही, त्यामुळे तो सरळ जागीच शोभतो : बाहीचं टोक, कुर्त्याचा घेर, खिशाचं तोंड.

सगळ्यांत कमी कष्टात जास्त मजा बाहीच्या आतल्या बाजूत आहे. आठ सेंटीमीटर रुंद पट्टी बाहीच्या टोकाला आतून लावा. बाही दोनदा दुमडली की निळ्या शर्टातून लाल-हिरवी चौकट बाहेर येते. साहेबांबरोबर मीटिंग असेल तर बाही खाली, परतीच्या गाडीत वर. पुरुषांना मी पहिली हीच सुचवते. 'मला शोभेल का' या प्रश्नाला इथे जागाच उरत नाही, न शोभेल तेव्हा खाली सोडायची.

शिलाई येत नसेल तर मॅचिंग सेंटर आणि शिंपी. मॅचिंग सेंटरात जाऊन मुद्दाम न जुळणारा रंग मागणं हा स्वतंत्र आनंद आहे. काउंटरवरचा माणूस तुमच्या साडीचा पदर उन्हात धरून सातवा डबा काढतो आणि तुम्ही म्हणता, "हा नको, तो मोरपंखी द्या." तो एकदा तरी "नक्की?" विचारणारच. ब्लाउजला टू बाय टू रुबिया घ्या. सुती असते, घाम शोषते, आणि रंगांच्या छटा भरपूर. दोन बाह्या दोन रंगांच्या करायच्या असतील तर वेगळ्या रंगाचं 30 ते 40 सेंटीमीटर कापड जास्तीचं लागतं.

शिंप्याला मात्र तोंडी सांगून भागत नाही. चांगला शिंपी चूक सुधारतो, आणि तुमची गंमत त्याला चूकच वाटते. दोन रंगांच्या बाह्या दिल्यात तर तो आठवणीने एकाच रंगाच्या करून देईल, वर "कापड कमी पडलं होतं, जोडून दिलं" असं सांगेल. कागदावर ब्लाउजचं चित्र काढा, उजवी-डावी लिहा, "मुद्दाम" हा शब्द अधोरेखित करा आणि तो कागद कापडालाच टाचा. गणपतीच्या आधीच्या महिन्यात असले प्रयोग देऊ नका, तेव्हा त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते.

मुंबईकराचा सगळ्यांत दिसणारा भाग म्हणजे त्याच्या बॅगेचं तोंड. गाडीत सॅक पुढे घ्यायची असते, म्हणजे अंधेरी ते चर्चगेट लोक तुमचा शर्ट कमी आणि बॅगच जास्त बघतात. तिथे पिनवाले बिल्ले लावू नका, मागची रबराची टोपी गर्दीत निसटते आणि टोक शेजारच्याला टोचतं. पॅच शिवा. नुसता इस्त्रीने चिकटवलेला पॅच दोन पावसांत कडेने सुटतो, आणि नायलॉनची बॅग इस्त्रीने वितळते ते वेगळंच. जाड सुईने कडेकडेने उलटा टाका घाला किंवा स्टेशनबाहेर बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, तो पाच मिनिटांत मशीन मारतो. अस्तर आणि कापड एकत्र शिवलं जाऊन पुढचा खिसा बंद होणार नाही एवढं त्याला बजावा.

पावसाळ्यासाठी छत्रीची मूठ. तीन मिलिमीटर जाडीची नायलॉनची रंगीत दोरी, 10 सेंटीमीटरच्या सरळ मुठीला साधारण तीन मीटर लागते. सुती नाडी गुंडाळू नका, ती वाळत नाही आणि जुलैत वास मारते. ऑफिसच्या दारातल्या बादलीत वीस काळ्या छत्र्यांतली आपली ओळखू येते, हा वरचा फायदा.

टिकली आणि कानातलं यांच्याबाबत एक सावधगिरी. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटिलफिनॉल नावाचं रसायन असतं, त्याने काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. खाज आली की जागा बदलून लावत बसू नका, टिकली बंद करा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. गाडीत विकत घेतलेली कानातली घामात खाजवतात ती बहुधा निकेलमुळे. आकडा तेवढा सोनाराकडून चांदीचा बसवून घ्या, खालची गंमत तशीच राहते. आणि मोत्यांची दाबाची नथ नाकात घालायची नसेल तर कॉलरच्या टोकाला अडकवून बघा. दाब कापडावर घट्ट बसतो, पण मलमलीवर नको, धागा ओढला जातो.

उसवलेली मूळ बटणं फेकू नका. एका डबीत, कुठल्या शर्टाची ते चिठ्ठीवर लिहून ठेवा. शर्ट कोणाला द्यायचा झाला की ती परत लावायची आणि रंगीत नऊ पुढच्या शर्टाला.