फवारणीचा प्रश्न केसपेपरवर आणताना

मी यवतमाळ जिल्ह्यात बालरोगतज्ज्ञ आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना कीटकनाशकांबद्दल शिकवायचं ठरवलं, तेव्हा पहिलं उत्तर आलं, "हे काय नवीन? ॲट्रोपिन द्यायचं." ॲट्रोपिन म्हणजे या विषावरचा उतारा; ते चूक नव्हतं. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मोठ्या माणसाची विषबाधा इथे सगळ्यांनी पाहिलेली. अडतं ते लहान मुलापाशी.

तालुक्याच्या मासिक बैठकीत अर्धा तास मागितला. तो मिळाला, पण लसीकरणाच्या आढाव्यानंतर, म्हणजे सगळ्यांना घरचे वेध लागलेले असताना. म्हणून स्लाइड्स बाजूला ठेवल्या आणि ओळखीच्या कृषी केंद्रातून आणलेली माहितीपत्रकं वाटली. त्यावर विषबाधेची लक्षणं आणि उतारा छापलेला असतो. अक्षर इतकं बारीक, की खिडकीपाशी जाऊन वाचावं लागलं. डब्यावरच्या लेबलचा लाल त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हा क्रम बऱ्याच जणांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट लावला.

मग मुद्द्यावर आलो. पावसाळ्यात उलट्या-जुलाब घेऊन आलेलं मूल गॅस्ट्रो म्हणून सलाइनवर जातं. ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटाच्या विषबाधेत घाम, लाळ, डोळ्यांच्या टाचणीएवढ्या बाहुल्या दिसतात खऱ्या; पण लहान मुलात कधी नुसती गुंगी, अंग ढिलं पडणं किंवा झटके एवढंच दिसतं. मूल स्वतः फवारत नाही, म्हणून कोणी विचारतही नाही. बापाचे फवारणीचे कपडे, थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवलेलं फवारणीचं औषध, धुऱ्यावर म्हणजे शेताच्या बांधावर झोपवलेलं तान्हं, वाटा पुष्कळ.

डोसवर मात्र खरी चर्चा रंगली. ॲट्रोपिन किलोमागे ०.०२ ते ०.०५ मिलिग्रॅम, दर पाच मिनिटांनी दुप्पट. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत नव्हे, तर छातीतली घरघर थांबेपर्यंत. दहा किलोच्या मुलाला ०.६ मिलिग्रॅमच्या अँप्युलमधलं किती, हे फळ्यावर मांडलं तेव्हा कुठे वह्या उघडल्या.

आशाताईंना वेगळं सांगितलं: कपडे काढा, साबणाने अंग धुवा, उलटी करवू नका, कीटकनाशकाचा डबा सोबत पाठवा.

केसपेपरवर "घरी किंवा शेतात फवारणी?" एवढी ओळ छापून घ्यायला वरून मंजुरी हवी होती. ती येईना, तेव्हा रबरी शिक्का करून वाटला. आता रेफर झालेल्या मुलासोबत व्हॉट्सॲपवर लेबलचा फोटो येतो. चिठ्ठीवर वजन लिहायचं अजून बरेच जण विसरतात.