टोपणनाव मोकळे, मूळ नावावर बंदी

अमेरिकेच्या मध्यभागातील कॅन्सस, ओक्लाहोमा या राज्यांत टोर्नेडोला सर्रास ‘ट्विस्टर’ म्हणतात. आपल्याकडच्या बातम्यांत त्याला कधीकधी चक्रीवादळ म्हटले जाते. पण समुद्रावर जन्मणारे चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरते आणि कित्येक दिवस टिकते, तर टोर्नेडो हा गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला, बहुतेकदा काही मिनिटांतच विरणारा हवेचा अरुंद भोवरा असतो.

मला या टोपणनावाइतकेच कुतूहल मूळ नावाचे वाटते. लोक घाबरून सैरावैरा धावतील या भीतीने ‘टोर्नेडो’ हा शब्द सरकारी अंदाजांत वापरणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कित्येक दशके टाळले जात होते. १८ मार्च १९२५ रोजी मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या राज्यांतून सुमारे ३५० किलोमीटर धावलेल्या टोर्नेडोने ६९५ बळी घेतले, तरी हे धोरण बदलले नाही.

त्याला धक्का दिला तो लष्करी हवामानतज्ज्ञांनी. २० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर कोणतीही पूर्वसूचना नसताना टोर्नेडो आला आणि उघड्यावर उभ्या विमानांचा चुराडा झाला. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, मेजर अर्नेस्ट फॉबुश आणि कॅप्टन रॉबर्ट मिलर यांना नकाशांवर तशीच स्थिती दिसली. एकाच जागी इतक्या लवकर पुन्हा टोर्नेडो येण्याची शक्यता नगण्य, हे ठाऊक असल्याने दोघेही कचरत होते. तरीही तळप्रमुखांच्या आग्रहामुळे त्यांनी इशारा दिला. विमाने शक्य तितकी आडोशाला हलवली गेली आणि संध्याकाळी टोर्नेडो खरोखरच तळावर येऊन थडकला. अखेर १९५० मध्ये हवामान खात्याच्या प्रमुखांनी परिपत्रक काढून, हा शब्द वापरण्यास मनाई नसल्याचे कळवले. इतकी साधी गोष्ट सांगायला एवढा काळ लागावा, याचे मला आजही नवल वाटते.

टोपणनावाला असा अडसर कधीच नव्हता. पिळणे, मुरडणे या अर्थाच्या क्रियापदापासून ते बनलेले असल्याने वादळाशी संबंध नसलेल्या वस्तूंनाही ते सहज चिकटले. १९६६ मध्ये रंगीत ठिपक्यांच्या चटईवर हातपाय ठेवत तोल सांभाळण्याचा खेळ याच नावाने बाजारात आला. १९९६ चा चित्रपट मात्र थेट वादळांमागे धावणाऱ्या संशोधकांवरचा होता.

यांतला मला सर्वांत आवडणारा वापर संगणकशास्त्रातला आहे. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी १९९७ मध्ये ‘मर्सेन ट्विस्टर’ ही यादृच्छिक वाटणाऱ्या संख्या निर्माण करणारी पद्धत तयार केली आणि पुढे पायथनसारख्या भाषांनी ती स्वीकारली. गंमत अशी की आरंभीची संख्या तीच दिली, तर हा ट्विस्टर दर वेळी तंतोतंत तीच मालिका देतो. म्हणूनच गुप्त संदेशांच्या सुरक्षेसाठी तो वापरू नये, असे पायथनच्या अधिकृत माहितीतच बजावलेले आहे.