शिवणीतली माया

काकांनी कुडता उलटा केला, काखेखालची शिवण अंगठ्याने चाचपली आणि कुडता माझ्याकडे परत सरकवला. "ताई, यात माया नाही."

आमच्या कोपऱ्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर मशीन टाकून बसणारे हे काका फक्त आल्टरचं काम करतात. नवं शिवत नाहीत. नव्याचं माप घ्यायचं म्हणजे गिऱ्हाइकाचा स्वभावही मापावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यापुढे मी पाच कुडते ठेवले होते. पाचही धड, रंग शाबूत आणि पाचही एकाच कारणाने बाद झालेले: कुडते होते तेवढेच राहिले, मी राहिले नाही. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच मिळाला असता तरी भागलं असतं. पण रेडिमेडच्या शिवणीत पाव इंच कापड आणि त्यावर गच्च ओव्हरलॉक. तिथे दुसरी टीप घालणार कुठे? पाचांतले तीन परत आले. जे दोन त्यांनी ठेवून घेतले, ते मी फार पूर्वी शिवून घेतलेले होते.

शिवणीत आत सोडलेल्या जादा कापडाला माया का म्हणतात, हे कुणाला विचारायची मला कधी गरज वाटली नाही.

या सगळ्याची सुरुवात लेकीने केली. दर मे महिन्यात आम्ही पाच-सहा दिवस आत्याकडे आंजर्ल्याला जातो. यंदा बॅगा काढायच्या आधीच तिने फोन माझ्या नाकासमोर धरला. "बघ. गेल्या वर्षीच्या सगळ्या फोटोंत मी याच पिवळ्या टॉपमध्ये आहे." मी मोजले. एक्केचाळीस फोटोंत सतरा वेळा पिवळा टॉप. तो टॉप आजही उत्तम आहे, कुठे उसवलेला नाही, कुठे विटलेला नाही. पण तो फोटोत संपला. आमच्या वेळी कपडा आधी फाटायचा आणि मग बाद व्हायचा. हा क्रम आता राहिलेला नाही.

पैशांचं म्हणाल, तर मे महिन्याच्या मानगुटीवर जून बसलेला असतो. वह्या, पुस्तकं, बूट, गणवेश, शाळेचा पहिला हप्ता. त्यामुळे सुट्टीच्या कपड्यांसाठी घरात ठराव मंजूर झाला तो २,५०० रुपयांचा, तिघांत मिळून. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला नगामागे ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर गेलात की १८. म्हणजे सरकारच्या हिशेबी अडीच हजार ही एका कपड्याची साधीसुधी किंमत. आम्हाला त्यात नखशिखांत तीन माणसं बसवायची होती.

मग कपाट काढलं. पलंगावर तीन ढीग: न्यायचे, द्यायचे आणि 'बघू'. पहिल्या ढिगात चार नग, दुसऱ्यात सहा, आणि 'बघू'चा डोंगर. पूर्वी दारावर बोहारीण यायची तेव्हा असले प्रश्न झटक्यात सुटायचे. दोन पँटी आणि एक साडी टाकली की स्टीलचं पातेलं. शिवाय ती प्रत्येक कपडा उजेडात धरून त्याची लायकी तोंडावर सांगायची, त्यामुळे आपल्याही मनातला गुंता सुटायचा. आता कपड्याला वाईट म्हणणारं कुणी घरी येत नाही. नवरा 'छान आहे की' म्हणतो, तेही न बघता.

कोकणात मे महिन्यात काय घालायचं हे फॅशन ठरवत नाही, डाग ठरवतात. आत्याच्या मागच्या अंगणात काजू आहे. काजूच्या बोंडाचा रस कपड्यावर पडला की तो कपडा कायमचा काजूचा. फणसाचा चीक हाताचा खोबरेल तेलाने निघतो, कापडाचा निघता निघत नाही. त्यात आमसुलांचे दिवस. रातांब्याची सालं रसात बुडवून वाळत घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. तिथून नुसतं चालत गेलं तरी पायजम्याच्या कडेला लाल नक्षी उमटते. वर जांभ्याची तांबडी माती. एका वर्षी मी हौसेने पांढरा चिकनकारी कुडता नेला होता. आत्याने तो दारातच पाहिला आणि म्हणाली, "हा का आणलास गो?" दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचा प्रश्न मलाही पटला होता.

म्हणून नियम ठरला. सगळं सुती, सगळं गडद. सुतीचं कारण तिथे उतरल्यावर पाच मिनिटांत कळतं. त्या दमट हवेत पॉलिस्टर अंगाला असं चिकटतं की रात्री सोलून काढावं लागतं.

तो चिकनकारी कुडता अजून होता, डागांसकट, 'बघू'च्या डोंगरात तळाशी. तो रंगवायचा ठरवला. जांभळ्या रंगाच्या दोन पुड्या आणल्या, जुन्या पितळी पातेल्यात पाणी उकळलं, मूठभर मीठ टाकलं, कारण मिठाशिवाय सुतावर हा रंग नीट चढत नाही. कुडता आधी साध्या पाण्यात भिजवून घ्यायचा, नाहीतर ठिपके पडतात. मग अर्धा-पाऊण तास लाटण्याने ढवळत राहायचं. (ते लाटणं आता फक्त याच कामाचं.) कुडता बाहेर आला तो झकास वांग्याचा रंग घेऊन. डाग गडप. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. कापड सुती, पण शिवणीचा दोरा पॉलिस्टरचा, आणि तो या रंगाला दाद देत नाही. त्यामुळे वांगी कुडत्यावर गळ्याभोवती, बाह्यांना, कडेला सगळीकडे पांढऱ्याशुभ्र टिपा. मी हताश होऊन तो दोरीवर टाकला. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "अय्या, काँट्रास्ट टिपांचा कुठे मिळाला?" मी म्हटलं, बुटीकमधून.

नवऱ्याचं खातं स्वस्तात मिटलं. त्याच्या दोन आवडत्या शर्टांच्या कॉलरी मानेपाशी झिजून दशा निघाल्या होत्या. काकांनी कॉलर उसवली, उलटी केली आणि परत बसवली. झिजलेली बाजू पोटात, कोरी बाजू वर. शर्टामागे सत्तर रुपये. गुडघ्यावर विरलेल्या एका पँटची हाफ पँट झाली. त्याला वाटलं मी त्याच्यासाठी खरेदी केली.

थोडी खरेदी आम्ही खरंच केली. लेकीला घेऊन दुपारी तुळशीबागेत गेले. मध्यभागी पेशवाईतलं राममंदिर आणि त्याच्याभोवती क्लिपा, कानातली, कुडत्या, गाऊन, पोळपाट, सगळं एका दमात. साडेतीनशेचा टॉप तिने स्वतः बोलून तीनशेला आणला आणि चेहऱ्यावर असा भाव, की पन्नास रुपये वाचवले नसून कमावलेत. तो टॉप पिवळाच आहे. मी काही बोलले नाही.

तिथून रविवार पेठेत कापडगंजाकडे वळलो, कटपीस बघायला. तिथे तिला एक मोठं कोडं पडलं. दुकानदार कापडाचा भाव मीटरवर सांगत होता, पन्हा म्हणजे कापडाची रुंदी इंचांत आणि मागच्या फळीवरची नऊवारी अर्थात वारांत. एकाच गादीवर तीन मापं. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला. मीटरने ताग्याची लांबी जिंकली, पण पन्ह्याला आणि नऊवारीला त्याला हात लावता आला नाही. "आई, मग नऊवारी म्हणजे किती मीटर?" सव्वाआठच्या आसपास. "एवढी नेसायची?" मी चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं मरून कॉटन अडीच मीटर घेतलं, घरी येऊन रात्रभर बादलीत बुडवून ठेवलं. हे न करता शिवलं की पहिल्या धुण्यानंतर कुडता धाकट्या बहिणीला द्यावा लागतो. मला धाकटी बहीण नाही.

भिजवायचं हे वेड आईचं. लग्नाआधी तिने शिवणक्लास केला होता. त्याची वही अजून तिच्याकडे आहे: डाव्या पानावर माप आणि आकृती, उजव्या पानावर खाकी कागदाचं तळहाताएवढं झबलं, लंगोट, कळ्यांचा परकर, खळीने चिकटवलेले. लहानपणी मला ते बाहुलीचे कपडे वाटायचे आणि काढायला मिळत नाहीत म्हणून मी रडायचे. त्या वहीत प्रत्येक आकृतीच्या कडेला तुटक रेघ आहे आणि तिच्यालगत आईच्या बारीक अक्षरात 'माया १ इंच'. लहान मुलांच्या फ्रॉकला घेरात तीन.

ते तीन इंच मला चांगले आठवतात. माझ्या निळ्या चिटाच्या फ्रॉकची खालची दुमड दर मे महिन्यात उसवली जायची. आई ब्लेडने एकेक टाका कापायची, जुने दोरे चिमटीने ओढून काढायची, इस्त्री फिरवायची, आणि फ्रॉक एक इंच लांब व्हायचा. पण दुमडीतल्या कापडाला ऊन लागलेलं नसायचं. त्यामुळे वरचा फ्रॉक विटक्या निळ्याचा आणि खाली गडद निळी पट्टी. पुढच्या वर्षी तिच्याखाली आणखी गडद पट्टी. मला त्याची भयंकर लाज वाटायची, कारण त्या पट्ट्यांवरून फ्रॉकचं वय कुणालाही सांगता यायचं. चुलतभावंडांत एकीने ते मोठ्याने सांगितलंही होतं. आई म्हणाली, "तिला सांग, डिझाइन आहे." परवा गॅलरीतल्या काकूंना दिलेलं उत्तर कुठून आलं, ते हे लिहिताना लक्षात आलं.

आता आई शिवत नाही. डोळ्यांचं कारण सांगते. पण गोधडीसाठी काढून ठेवलेल्या जुनेरांतली एक जांभळी-हिरवी सुती साडी तिने मला काढून दिली. पदर विरलेला, बसण्याच्या जागेवर कापड जाळीदार, पण निऱ्यांतलं कापड जवळजवळ कोरं. साडीचं ते असंच असतं, जे आत दडतं ते टिकतं. वर्षानुवर्षांच्या धुण्याने ते इतकं मऊ झालं होतं की कात्री लावताना सुळकन निसटत होतं. लेकीचा कुडता त्यातून निघाला, काठ खालच्या घेराला घेतला. बेतताना आईला फोन केला. मापं ऐकून घेतली आणि म्हणाली, "बाजूला दीड इंच ठेव. पोरगी वाढतेय."

दीड इंच ठेवला. तीन रात्री जागून शिवला. अडीच हजारांतले सातशे उरले होते, त्यातले साठ उसाच्या रसात गेले. बाकीच्यांचं काय झालं ते जूनला विचारा.

काल रात्री तिने कुडता घालून पाहिला. आरशापुढे दोन गिरक्या घेतल्या, काठावर हात फिरवला, फोटो काढला, आणि मग बगलेत बोट घालून कुरकुरली. "आई, आत एवढं कापड का ठेवलंयस? टोचतंय."

"राहू दे."

"कापून टाकते ना. बाहेरून कुठे दिसणारे?"

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात आमचं शिवणाचं सामान असतं. तिने तो पालथा केला. रिळं मिळाली, नाडी घालायची पिन मिळाली, गेल्या दिवाळीत हरवलेलं बटण मिळालं. कात्री मिळाली नाही. ती तांदळाच्या डब्यामागे आहे. गुरुवारी गाडी ताम्हिणी घाट उतरेपर्यंत तिथेच राहील.