तुम्ही विचारलंत म्हणून, मारबतीबद्दल

मारबत म्हणजे बाईचा मोठा पुतळा; गावाची इडा पिडा घेऊन जा म्हणत तो मिरवत नेतात आणि जाळतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरहून या मिरवणुकीचे व्हिडिओ येतात, पुण्याच्या ऑफिसात कुणीतरी माझ्या फोनमध्ये डोकावतं आणि प्रश्न ठरलेला: "बाईचे पुतळे जाळता? आणि तुला, बाई असून, हे चालतं?" उत्तर देऊन देऊन थकले. एकदाचं लिहून टाकते.

सगळ्या मारबती एका मापाने मोजू नका. पिवळी १८८५ पासून निघते, जागनाथ बुधवारीतून. तिच्या पायावर लोक लेकरं घालतात, नवस बोलतात. गावाची रोगराई पोटात घेऊन ती जळायला जाते. शिव्या खाते ती काळी, इतवारीची, १८८१ पासूनची. ती म्हणजे नागपूरच्या भोसले घराण्यातल्या राणी बांकाबाई, असं सांगतात; १८५७ ला त्या इंग्रजांच्या बाजूने राहिल्या म्हणून. आता, नागपूरचं राज्य त्याआधीच, १८५४ ला, इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसीने खालसा केलेलं. डलहौसीची मारबत काही निघत नाही. बडगे निघतात, म्हणजे पुरुष पुतळे. पण बडग्याचं नाव दरवर्षी नवं, कधी महागाई, कधी भ्रष्टाचार. काळीचं तेच.

बघा, तुमची बाजू मीच मांडायला लागले. पण तुम्ही ज्या सुरात विचारता ना, विदर्भातलं काहीतरी रानटी बघितल्यासारखं, तो सूर ऐकला की मी पुन्हा तिकडची होते.

मी दहावीत होते तेव्हाचं सांगते. आत्या पोळ्याला माहेरी आली होती. रंगाने माझ्यासारखीच. सासरी तिला 'मारबत' म्हणत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आम्ही गॅलरीत गर्दी करून उभे. काळी चौकात आली, खालचा आवाज चढला, आणि चुलतभाऊ ओरडला, "चाल व आत्या, तुही गाडी आली!" सगळे हसले. आत्या सगळ्यांत मोठ्याने. कठड्यावरून वाकून तिने आरोळी ठोकली, "या पोट्ट्याची जीभ घेऊन जा गे मारबत!" पुन्हा हशा. विषय संपला, असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

संध्याकाळी तिने मला स्वयंपाकघरात बोलावून पाटावर बसवलं. वाटीत बेसन, हळद, दूध. माझी वेणी वर धरून ती मान चोळायला लागली. हळू नाही, भांडं घासावं तशी. मी कळवळले तर म्हणाली, "बस चुपचाप. तुले नाई म्हणू देणार मी." पीठ वाळून पडायला लागलं तरी तिचा हात थांबेना. शेवटी आईने वाटी काढून घेतली.

कॉलेजात मी वार्षिक अंकात लिहिलं की हा प्रकार बंद करा. आत्याला तो लेख दाखवायला नेला, शाबासकी मिळेल म्हणून. तिने वाचला आणि तडकली. "बंद केलं तर खोकला कोण नेईन? तुहा लेख?" तिच्या गावी पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या लावतात, दुसऱ्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या पाडव्याला, पहाटे त्याच उचलून शिवेबाहेर टाकतात, "इडा पिडा, खोकला-खासी घेऊन जा गे मारबत" म्हणत. ती हे दरसाल करायची. ज्या नावाने तिला हिणवलं, त्याच नावाला हाक मारून. मला तेव्हा ते पटलं नाही. आज पटतं, असंही म्हणणार नाही.

कोरोनात मिरवणूक बंद राहिली. म्हणजे माझी मागणी मान्यच झाली की! त्या सकाळी मी कोथरूडच्या बाल्कनीत उभी राहून, मास्क काढून, पूर्ण ताकदीने ओरडले. समोरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

पुढच्या पोळ्याला तुमच्यातल्या दोघी नागपूरला यायचं म्हणताहेत. या. इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा चपला पायात टिकतील अशा घाला. आणि काळी समोर आली की ओरडायचं का गप्प राहायचं, ते मला विचारू नका.