अखेर लोडसेलचा (फोर्स मोजणाऱ्या सेन्सरचा) ड्रिफ्ट, म्हणजे आकडा आपोआप सरकणं, आणि सुपरकंडक्टरचा फ्लक्स क्रीप, म्हणजे आत शिरलेलं चुंबकीय क्षेत्र हळूहळू सरकणं, वेगळे काढता आले!

वायबीसीओ या सुपरकंडक्टरची डिस्क द्रव नायट्रोजनमध्ये गार करून ती मॅग्नेटला किती जोराने ढकलते ते मोजतोय. मागच्या अपडेटमधला झेडएफसीचा (मॅग्नेट लांब ठेवून डिस्क गार केल्यावरचा) ग्राफ आठवत असेल, मॅग्नेट डिस्कपासून ५ मिमीवर आणून थांबवला की फोर्स हळूहळू उतरत जायचा, आणि तो उतार वायबीसीओचा की लोडसेलचा तेच कळत नव्हतं. आता कळलंय. दोघांचाही आहे.

रचना तीच ठेवलीये, नायट्रोजनचं भांडं खाली, लोडसेल वर, मॅग्नेट त्याला लटकलेला. डिस्कच वजनकाट्यावर ठेवली तर नायट्रोजन उडतो तसं वजन घटत जातं, वर भांड्यावर बर्फ साचतो, कशाचा कशाला मेळ लागत नाही. पण वर असूनही लोडसेल गार होतोच कारण ॲल्युमिनियमचा दांडा त्याची उष्णता सरळ खाली नेतो. म्हणून फायबरग्लासचा दांडा लावला. उतार कमी झाला, गेला नाही. मग मॅग्नेट काढून तेवढ्याच वजनाचा पितळेचा तुकडा लावला, बाकी सगळं जसंच्या तसं, आणि नुसतं रीडिंग घेत बसलो. स्थिर पितळेला वायबीसीओशी काही देणंघेणं नाही, तरी आकडा सरकतोय, म्हणजे तेवढा भाग निव्वळ तापमानाचा!

तो वजा करून उरलेला फोर्स लॉग टाइमवर काढला तर जवळजवळ सरळ रेघ आली राव. क्रीप असाच दिसायला हवा, १ ते १० सेकंदात जेवढी घट साधारण तेवढीच १० ते १०० मध्ये. वजा करण्याआधी हीच रेघ शेवटाकडे वाकत होती. खूप वेळ बघत बसलो होतो त्या रेघेकडे.

एचएक्स७११ वर (लोडसेलचं रीडिंग डिजिटल करणारी चिप) सेकंदाला ८० सॅम्पलच्या नादी लागू नका, नॉइज वाढतो, १० वर ठेवा. साधा बोर्ड या कामाला पुरतो, पैसे घालायचे तर डिस्कवर घाला. सिंटर्ड (पावडर दाबून भाजलेल्या) डिस्कवर छोटा मॅग्नेट तरंगतो छान, पण दाण्यांच्या सीमांवर करंट अडतो आणि मोजण्यासारखा फोर्स मिळत नाही. मेल्ट टेक्स्चर्ड सिंगल ग्रेनच (वितळवून एकच दाणा वाढवलेली) घ्या.

पुढे एफसीचे (मॅग्नेट जवळ ठेवूनच डिस्क गार करून) लूप, म्हणजे मॅग्नेट खाली-वर नेत फोर्सची रीडिंग घ्यायची होती, त्यासाठी डिस्कवर फायबरग्लासची पट्टी आवळूनही ठेवलीये, नाहीतर मॅग्नेट वर घेताना डिस्क त्याच्यामागे उचलली जाते. पण हे लिहिता लिहिताच सुचलं की मॅग्नेट आधी ४ मिमीपर्यंत खाली नेऊन परत ५ वर आणला तर? डिस्कच्या पृष्ठभागाजवळचे करंट उलटतात, मग क्रीप मंदावायला हवा, मॅग्लेव्ह गाड्यांवाले आधी असं जास्त दाबून प्रीलोड देतात ते यासाठीच. फोर्स थोडा कमी मिळेल पण टिकेल. तर एफसी नंतर, आधी हे. सरळ ५ वर थांबायचा आणि ४ वरून परत यायचा, दोन्ही रनच्या आधी मॅग्नेट लांब नेऊन डिस्क ९२ केल्विनच्या (त्यावर वायबीसीओ सुपरकंडक्टर राहत नाही) बरीच वर जाऊ द्यायची, नाहीतर आत अडकलेला जुना फ्लक्स तुलना बिघडवेल.

अडचण एकच, दिशा उलटली की मॅग्नेट वर-खाली करणाऱ्या लीडस्क्रूचा बॅकलॅश (आट्यांमधली ढिलाई) आडवा येणार आणि ५ मिमी नक्की ५ राहणार नाही. अंतर थेट मोजायला डायल गेज लावतोय. कोणी अँटी-बॅकलॅश नट वापरला असेल तर गारठ्यात तो घट्ट होतो का ते सांगा, मगच मागवतो.