गाव बदलायचंय? आधी मेमध्ये जा, मग जुलैमध्ये

मुंबई सोडून नाशिक, कोल्हापूर, रत्नागिरी किंवा छत्रपती संभाजीनगरला बिऱ्हाड हलवायचं मनात असलेली बहुतेक मंडळी गाव बघायला जातात ती दिवाळीत, नाहीतर नाताळच्या सुट्टीत. तेव्हा धरणं भरलेली असतात, विहिरींना पाणी असतं, हवेत गारवा असतो. त्या दिवसांत कुठलंही गाव राहण्याजोगं वाटतं. म्हणून दोन फेऱ्या करा: एक मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, दुसरी जुलैच्या उत्तरार्धात. फेरी चार रात्रींची, शुक्रवार ते मंगळवार, म्हणजे सुट्टीचे आणि कामाचे दोन्ही वार बघायला मिळतात.

मुक्काम लॉजवर शक्यतो नको. लॉजला स्वतःची मोठी टाकी असते, जनरेटर असतो. शहरात पाणी कधी येतं, वीज कितीदा जाते याचा पत्ताच लागत नाही. ज्या भागात घर बघताय तिथंच एखादी खोली मिळवा.

मेच्या फेरीत सगळा जोर पाण्यावर हवा. "पाणी आहे ना?" असं विचारलं की "भरपूर आहे" हेच उत्तर येतं. विचारायचं ते असं: किती दिवसांनी येतं, किती वाजता, किती वेळ टिकतं आणि गेल्या मेमध्ये टँकर किती मागवले? शेवटचं उत्तर सोसायटीच्या हिशेबाच्या वहीत सापडतं. घर घेणाऱ्याला ती दाखवायला कोणी कुरकुर करत असेल तर तीही माहितीच समजा. धरण जवळ आहे यावर जाऊ नका. संभाजीनगरला जायकवाडीचं आणि सोलापूरला उजनीचं पाणी, पण दोन्हीकडे वर्षानुवर्षं नळाला काही दिवसांआड पाणी येत आलंय. धरणापासून नळापर्यंतची जलवाहिनी, पंप आणि टाक्या पुऱ्या पडल्या नाहीत की असं होतं.

मग जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडायला लावा आणि टेप टाकून माप घ्या. लांबी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला १००० ने गुणलं की लिटर. माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, म्हणजे चौघांच्या घराला ५४०. बारा बिऱ्हाडांच्या इमारतीला रोज ६,४८० लिटर लागले. टाकी ४ × ३ × २ मीटरची असेल तर २४,००० लिटर, म्हणजे साडेतीन-पावणेचार दिवसांची सोय. त्या भागात पाणी पाच दिवसांनी येत असेल तर गच्चीवरची टाकी धरूनही हिशेब जुळतो का ते बघा. जुळत नसेल तर टँकर ठरलेला, आणि त्याचा खर्च दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये येणार.

बोअरचं पाणी असेल तर बाथरूममधल्या जुन्या बादलीचा तळ बघा. पांढरा, खरखरीत, नखानं खरवडला तरी न निघणारा थर असेल तर पाणी जड आहे: गिझरची कॉइल लवकर जाईल, डाळ शिजायला वेळ लागेल, साबणाला फेस येणार नाही. खिशातल्या टीडीएस मीटरवर ५०० पर्यंतचा आकडा पिण्यासाठी ठीक मानतात, पण हा आकडा फक्त विरघळलेल्या क्षारांचा. जंतू आहेत की नाहीत हे मीटर सांगत नाही, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.

जुलैत प्रश्न उलटा होतो. कोल्हापुरात "इथं पूर येतो का?" असं मोघम विचारू नका. "२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?" असं विचारा, शेजारी भिंतीवर हात ठेवून दाखवतील. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. चिपळूणला हाच प्रश्न २२ जुलै २०२१ बद्दल विचारायचा. महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागात निळी आणि लाल पूररेषा बघायला मिळते. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. घर रेषेबाहेर असलं तरी बाहेर पडायचा रस्ता रेषेच्या आत आहे का तेही बघा. २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि कोरड्या घरातल्या माणसांनाही दूध-पेट्रोलची चणचण सोसावी लागली.

रत्नागिरीत ओल बघा. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाट उघडा, आतल्या फळीवर तळवा ठेवा. फळी चिकट लागली किंवा कुबट वास आला तर नवा रंग कितीही छान असू दे, पुढच्या पावसात भिंत पुन्हा फुगणार. आणि हे घर मेमध्येही बघायला हवं: तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या गावात विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात, कारण जांभ्यातून पाणी झिरपून निघून जातं.

नाशिकला प्रवासाचा हिशेब महत्त्वाचा. नाशिकरोड स्टेशन गावाच्या मध्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे. कामासाठी मुंबईला अधूनमधून जावं लागणार असेल तर पहाटे घरातून निघून स्टेशन गाठायचा वेळ एकदा प्रत्यक्ष मोजा.

घरात वयस्कर मंडळी असतील तर संध्याकाळी सात वाजता रुग्णालयापर्यंत गाडीनं जा आणि चौकशीच्या खिडकीवर एवढंच विचारा: रात्री दोनला हृदयविकाराचा पेशंट आला तर अँजिओप्लास्टी इथंच होते, की दुसऱ्या गावाला पाठवता?

एवढं जुळलं तरी पहिलं वर्ष भाड्यानंच राहा. लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. त्यात सहा महिन्यांची लॉक-इनची अट, म्हणजे तेवढे दिवस घर सोडता येणार नाही अशी अट, घालू देऊ नका, एक महिन्याची नोटीस पुरे. करार मेपासून सुरू होईल असं बघा. उन्हाळ्याचा शेवट आणि अख्खा पावसाळा त्या घरात काढून झाला, की ऑक्टोबरात मुंबईचं घर विकायची बोलणी सुरू करता येतील.