हॅरो, हळदीकुंकू आणि ‘टाइम टू चेंज’

२०१३ च्या सप्टेंबरमध्ये, हॅलोवीन तोंडावर आलेला असताना, इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, ॲस्डा सुपरमार्केटच्या वेबसाइटवर एक कॉस्च्यूम विकायला आला होता. नाव ‘मेंटल पेशंट’, किंमत २० पौंड, रक्ताचे डाग पडलेले फाटके पांढरे कपडे, भयानक मुखवटा आणि हातात खाटकाचा सुरा. टेस्कोकडेही त्याच जातीचा ‘सायको वॉर्ड’ म्हणून एक होता. लोक ट्विटरवर खवळले हे तर झालंच, पण मला आवडलं ते पुढचं, म्हणजे ज्यांना खरोखर डिप्रेशन, बायपोलर, स्किझोफ्रेनिया वगैरे आहे ते लोक स्वतःचे फोटो टाकायला लागले, कोणी ऑफिसच्या शर्टात, कोणी कुत्र्याला फिरवताना, कोणी घरच्या मळक्या टीशर्टमध्ये, आणि खाली लिहायचे की हा घ्या मेंटल पेशंटचा ड्रेस. दोन्ही दुकानांनी माल काढून टाकला, माफी मागितली, ॲस्डाने माइंड या मानसिक आरोग्याच्या संस्थेला २५ हजार पौंड दिले.

आपल्याकडचे हसू नका, मी पुण्यात वाढलेली आहे, ‘याला येरवड्याला टाका’ हे वाक्य मी शाळेत रोज ऐकलंय आणि ठाण्याच्या मैत्रिणीला तर लोकल ट्रेनमध्येपण लोक विचारायचे, काय गं, आतून की बाहेरून.

तर ते फोटो. मानसिक आजाराबद्दलची लाज आणि भेदभाव घालवायला ‘टाइम टू चेंज’ नावाची जी मोहीम इंग्लंडमध्ये चालली तिची अख्खी थिअरी त्या फोटोंमध्ये आहे असं मला वाटतं. माइंड आणि रीथिंक मेंटल इलनेस या दोन चॅरिटींनी मिळून ती २००७ साली उभी केली, टीव्हीवर वगैरे आली ती २००९ च्या जानेवारीत. पैसे कॉमिक रिलीफ या चॅरिटीचे, लॉटरी फंडाचे, नंतर सरकारी आरोग्य खात्याचेही. कल्पना काही यांच्या डोक्यातून पहिल्यांदा निघालेली नाही, न्यूझीलंडने १९९७ मध्येच अशी देशभर मोहीम सुरू केली होती आणि स्कॉटलंडने २००२ मध्ये. सगळ्यांच्या अनुभवातून निघालेली गोष्ट एकच, की माहिती देऊन लोक फारसे बदलत नाहीत. मेंदूत अमुक रसायन कमी होतं, चारातल्या एकाला कधी ना कधी त्रास होतो, हे सगळं माणूस ऐकतो, मान डोलावतो आणि तरीही शेजारच्या फ्लॅटमधला मुलगा हॉस्पिटलमधून आला की आपल्या पोरांना तिकडे खेळायला पाठवत नाही. बदलतो कधी, तर ज्याला तो आजार आहे असा माणूस समोर बसून चहा पितो, बोलतो, टुकार जोक मारतो तेव्हा. म्हणून टाइम टू चेंजने ‘चॅम्पियन’ तयार केले, म्हणजे स्वतः भोगलेले लोक, जे ऑफिसात, शाळेत, बाजारात जाऊन आपली गोष्ट सांगायचे.

आणि याची गरज किती होती बघा. २००३ मध्ये बॉक्सर फ्रँक ब्रूनोला मनोरुग्णालयात नेलं तेव्हा ‘सन’ या पेपरने पहिल्या पानावर त्याची जी टिंगल करणारी हेडलाइन छापली (मी ती इथे लिहीत नाही, ज्याला शोधायची त्याने शोधावी) ती लोकांनी एवढी अंगावर घेतली की त्याच रात्री पुढच्या आवृत्तीत बदलावी लागली. आणि २०१३ पर्यंत इथे कायदाच असा होता की एखाद्या खासदाराला मानसिक आजारासाठी कायद्याने सहा महिन्यांहून जास्त हॉस्पिटलमध्ये ठेवलं तर त्याची सीट जायची! हार्ट अटॅक आला, कॅन्सर झाला तर नाही जायची हं. जून २०१२ मध्ये पार्लमेंटमध्ये मानसिक आरोग्यावर चर्चा झाली आणि त्यात लेबरचे केव्हन जोन्स उठून म्हणाले की मला १९९६ मध्ये डिप्रेशन आलं होतं, कॉन्झर्व्हेटिवचे चार्ल्स वॉकर म्हणाले मला ३१ वर्षं ओसीडी आहे (म्हणजे तेच तेच विचार आणि तीच तीच कृती परत परत करायला लावणारा आजार). दोन विरुद्ध पक्षांचे लोक एकाच दुपारी. पुढच्या वर्षी कायदा बदलला.

आता हॅरोकडे येते, कारण मी राहते तिथे. हॅरो हा लंडनचाच एक भाग, गुजराती भरपूर, तमिळ भरपूर, आम्ही मराठी मूठभर पण आवाज मोठा. टाइम टू चेंजने हॅरोमधल्या दक्षिण आशियाई लोकांमध्ये मुद्दाम एक काम केलं आणि २०१० मध्ये त्याचा रिपोर्ट काढला, नाव ‘फॅमिली मॅटर्स’. मी तो वाचला तेव्हा मला कुणीतरी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कान लावून बसलंय असं वाटलं. लाज, भीती, लपवाछपवी. लग्न जमणार नाही. आजारी माणसाला घरचे सांभाळतात, जीव लावून सांभाळतात, पण पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवतात. म्हणजे घर हेच औषध आणि घर हीच कोंडी. गोऱ्या लोकांच्या जाहिराती सगळ्या मित्राबद्दल, सहकाऱ्याबद्दल होत्या, आणि आपल्याकडे तर मित्राला कळायच्या आधी सासूला कळतं आणि मामीला कळू नये म्हणून सगळी धडपड असते. या जाहिराती आपल्या घरात शिरणारच नाहीत हे त्यांना स्वतःलाच कळलं होतं, याचे मार्क मी त्यांना देते.

टाइम टू चेंजने सुरू केलेला ‘टाइम टू टॉक डे’, म्हणजे मनाच्या त्रासाबद्दल बोलायचा दिवस, २०१४ पासून फेब्रुवारीत असतो, पहिल्या गुरुवारी. आमच्या ग्रुपमधल्या एकीच्या लक्षात आलं की अगं हे तर आपलं हळदीकुंकवाचंच सीझन, संक्रांत ते रथसप्तमी, तिळगूळ घ्या गोड बोला तर आपण म्हणतोच, नुसतं बोला म्हणायला काय हरकत आहे. मग एका वर्षी हॉल घेतला, वाण म्हणून चहाचा मग आणि त्यात हेल्पलाइनचं कार्ड. (मागच्या वर्षीच्या प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा बरं, असं निदान चार जणी म्हणाल्या.) आणि शनिवारच्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या एक वहिनी उभ्या राहिल्या. पहिल्या बाळंतपणानंतर त्यांना काय झालं होतं ते त्यांनी सांगितलं. नव्वदच्या दशकातलं वेम्ब्ली, नवरा नाइट शिफ्टला, आई नाशिकला, बाळ रडायला लागलं की त्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसायच्या, आवाज ऐकू येऊ नये म्हणून. हेल्थ व्हिजिटरने, म्हणजे बाळ बघायला घरी येणाऱ्या नर्सने, ओळखलं, घरच्यांनी नाही. गोळ्या चालू झाल्या तर त्या तांदळाच्या डब्यात लपवल्या. काही रडारड नाही, अगदी वर्गात शिकवतात तशा सांगत होत्या.

हॉलमध्ये शांतता आणि मग मागून एक काकू म्हणाल्या, “पण आता बरी आहेस ना? मग आता कशाला सांगायचं?”

हा प्रश्न मला फार प्रामाणिक वाटला. आपली रीतच ती आहे, झाकली मूठ. वहिनी म्हणाल्या, “अहो काकू, बरी आहे म्हणून तर जमतंय. तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता.” आणि लगेच म्हणाल्या चला, भेळ ओली होतेय. पण खरा कार्यक्रम त्यानंतर किचनमध्ये झाला, एकेक बाई कप विसळायच्या निमित्ताने त्यांच्याजवळ जात होती, आणि त्यात त्या काकू पण होत्या.

आता थोडं कडू. लंडनच्या किंग्ज कॉलेजचे लोक या मोहिमेचा अभ्यास करत होते आणि त्यांना दिसलं की लोकांची मतं खरंच सुधारली, मित्र आणि घरच्यांकडून मिळणारी वाईट वागणूक कमी झाली, पण मानसिक आरोग्याच्याच सेवेत काम करणाऱ्यांकडून मिळणारी तेवढी कमी झाली नाही! मला याचं नवल वाटलं नाही, बिचारे रोज माणसाला त्याच्या सगळ्यात वाईट दिवशीच भेटतात. दुसरं म्हणजे डिप्रेशन आणि अँग्झायटी आता चहाबरोबर चालतात, सेलिब्रिटी सांगतात, ऑफिसात वेबिनार होतो. स्किझोफ्रेनिया म्हटलं की अजून खुर्ची मागे सरकते. आमच्या हॉलमध्येसुद्धा ते नाव कोणी घेतलं नाही आणि मला पक्कं माहितीये की तिथल्या निदान एका घरात ते आहे. तिसरं, लोकांना बोला बोला म्हणायचं आणि बोलल्यावर थेरपीची वेटिंग लिस्ट दाखवायची, याची चीड मला आजही येते. जागृती करणाऱ्या संस्थेचा यात दोष नाही पण सरकारला जाहिरात स्वस्त पडते हे खरं.

२०१८ मध्ये यांनी ‘आस्क ट्वाइस’ काढलं, म्हणजे कसा आहेस विचारलं की समोरचा मजेत म्हणतो, तर परत विचारा. सगळीकडे कौतुक झालं. भारतात दीपिका पदुकोणच्या लिव्ह लव्ह लाफ फाउंडेशनने २०१६ मध्येच ‘दोबारा पूछो’ केलं होतं, हे मी इथल्या ऑफिसात मुद्दाम सांगितलं, थोडी कॉलर ताठ करून. तिच्या आईच्या लक्षात आलं होतं की पोरीचं रडणं नेहमीसारखं नाही, हे तिनेच सांगितलंय. म्हणजे तिथेही घरच. (भारतात कोणाला मदत लागली तर सरकारी हेल्पलाइन टेलिमानसचा नंबर १४४१६, फुकट आहे, इथे समॅरिटन्स या संस्थेचा ११६ १२३.)

टाइम टू चेंज ३१ मार्च २०२१ ला बंद झालं, सरकारी पैसे थांबले म्हणून, आणि तेही ऐन कोव्हिडमध्ये, जेव्हा निम्मा देश खिडकीत बसून होता. माइंड आणि रीथिंकने टाइम टू टॉक डे मात्र चालू ठेवला. बंद व्हायच्या आधी त्यांची ‘इन युअर कॉर्नर’ म्हणून पुरुषांसाठीची मोहीम २०१७ मध्ये आली होती, कारण आत्महत्येत पुरुष तिप्पट आणि बोलण्यात शून्य. ती मला सगळ्यात पटली होती आणि आमच्याकडे तिचा काहीच उपयोग झाला नाही, कारण हळदीकुंकवाला पुरुष येतच नाहीत, बायकांना सोडतात आणि कार पार्कमध्ये क्रिकेटचा स्कोर बघत बसतात.

यंदा हॉल बुक करायला घेतला तेव्हा वहिनींना फोन केला. म्हणाल्या येते, पण एका अटीवर, भेळेच्या दोन प्लेटा जास्त कर आणि माझ्याबरोबर कोणीतरी कार पार्कात चल, मी एकटी जाऊन त्या सगळ्यांच्या काचा वाजवणार नाही.